कॉलेजच्या कपाटातल्या व्हिडिओ कॅसेटी: निर्लेखनाआधी काय करता येईल?

खाजणकाठ

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे दोन लोखंडी कपाटं भरून व्हिडिओ कॅसेटी आहेत. बहुतेक व्हीएचएस, थोड्या यूमॅटिक आणि एक खोकं हाय-८ व मिनीडीव्हीचं. या वर्षी भांडार पडताळणी आहे. 'वापरात नसलेलं साहित्य' म्हणून या सगळ्यांचं एकगठ्ठा निर्लेखन करावं, म्हणजे नोंदीतून कमी करून भंगारात काढावं, असं समितीचं म्हणणं आहे. मी हरकत नोंदवून मुदत मागून घेतली आहे, आणि ती मुदत वाया जाऊ नये म्हणून हा धागा.

कपाटात तीन तऱ्हेचा माल आहे. पहिला, विकत घेतलेल्या शैक्षणिक कॅसेटी. दुसरा, दूरदर्शनवरून उतरवून घेतलेले कार्यक्रम. १५ ऑगस्ट १९८४ पासून यूजीसीचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' लागायचा, त्याचं ध्वनिचित्रमुद्रण त्या वेळच्या प्राध्यापकांनी नेमाने केलेलं दिसतं. तिसरा माल आमचा स्वतःचा, आणि माझा जीव अडकलाय तो त्यात. प्राणिशास्त्र विभागाने खारफुटीत फिरून केलेलं चित्रण, भूगोलवाल्यांनी कोकण रेल्वेचं काम चालू असताना घेतलेल्या फिती (रेल्वे पूर्ण मार्गावर धावली २६ जानेवारी १९९८ ला, म्हणजे हे त्याच्या आधीचं), मराठी विभागाने नमन-खेळे या कोकणातल्या लोकनाट्यातल्या म्हाताऱ्या गड्यांच्या घेतलेल्या मुलाखती, आणि पंचवीसेक वर्षांची स्नेहसंमेलनं.

पुस्तक रद्द करताना आपण आधी बघतो की त्याची दुसरी प्रत कुठे आहे का. दुर्मीळ असेल तर फाटकं असलं तरी ठेवतो. टेपेला हाच न्याय का लावला जात नाही? दाखल नोंदवहीत तिलाही पुस्तकासारखाच क्रमांक आहे. तिसऱ्या प्रकारातल्या टेपा जगात एकेकच आहेत. त्या भंगारात गेल्या की विषय संपला.

वर्गातला व्हीसीआर जडवस्तू नोंदवहीतून केव्हाच कमी झाला आहे, म्हणजे चालवून बघायलाही काही नाही. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया लिहावं.

सुरंगी

सर, फार महत्त्वाचा विषय. मी ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी आहे, प्रकल्पासाठी याच विषयावर वाचन चालू आहे.

धोका दोन बाजूंनी आहे. टेप म्हणजे पॉलिएस्टरची पट्टी आणि तिच्यावर चुंबकीय कणांचा थर. हे कण पट्टीला धरून ठेवतो तो पॉलियुरेथेनचा बाइंडर. हवेतला ओलावा बाइंडरमध्ये शिरतो, त्याचं जलविघटन होतं, तो चिकट होतो आणि चालवताना थर सुटून यंत्रातल्या टेप वाचणाऱ्या हेडवर बसतो. हा चिकटपणा यूमॅटिकमध्ये जास्त आढळतो. व्हीएचएसला आपल्याकडे बुरशी आधी गाठते. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ती याच्या बरीच वर असते.

दुसरी बाजू यंत्राची. व्हीएचएस १९७६ ची. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता आहेत ती यंत्रं जुनी, सुटे भाग दुसऱ्या यंत्रांतून काढलेले. युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने 'आयासा' या ध्वनिचित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसोबत २०१९ मध्ये 'मॅग्नेटिक टेप अलर्ट' म्हणून पाहणी सुरू केली. ती करताना गृहीत धरलेली गोष्ट हीच होती की २०२५ च्या आसपास टेपा वाचणारी यंत्रं नेमाने मिळणं बंद होईल. ते साल मागे पडलंय. टेप आणखी दहा वर्षं टिकेलही, पण ती चालवायला काय असेल?

तारवाला

मालवणात माझं व्हिडिओ लायब्ररीचं दुकान होतं आणि लग्नाच्या शूटिंगचा धंदा. व्हीसीआर, व्हीसीपी दुरुस्त करत आलोय, अजूनही करतो. ग्रंथपाल साहेब, पहिली गोष्ट ही की कुठलीही कॅसेट घाईने मशिनीत घालू नका.

खिडकीतून रिळाकडे बघा. कडेवर पांढरी-करडी भुकटी, कापसासारखे ठिपके दिसले की ती बुरशी. अशी कॅसेट चालवली तर टेप तर जातेच, शिवाय बुरशी हेडवर आणि गाइडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. एका कॅसेटीपायी अख्खं कपाट नासलेलं मी पाहिलंय. बुरशीवाल्या वेगळ्या काढा, पिशवीत घाला, वर खूण करा. हाताळताना तोंडाला मास्क हवाच, दम्याच्या माणसाने त्या उघडूच नयेत.

दुसरं, कॅसेटीच्या पाठीवर छोटा टॅब असतो तो मोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. डांबरगोळ्या कपाटात असतील तर आजच काढा, त्यांची वाफ प्लास्टिकवर बसते.

आणि मोडक्या कॅसेटीला घाबरू नका. व्हीएचएसच्या कवचाला खालून पाच स्क्रू असतात. आतली रिळं काढून चांगल्या कवचात बसवता येतात. कवच फुटलं म्हणून कॅसेट फेकून देणारे लोक बघितले की जीव कळवळतो.

वायंगण

प्रश्न विचारतो, राग नसावा. स्नेहसंमेलनाच्या टेपा खरंच ठेवण्यासारख्या आहेत का? ग्रंथालयाकडे माणसं कमी, पैसा कमी. रेल्वे आणि खारफुटी समजलं, पण पंचवीस वर्षांचे नाच कोण बघणार?

खाजणकाठ

@वायंगण, राग कशाला, समितीत मलाही हाच प्रश्न आला.

आमच्या संमेलनात मुलं जाखडी करायची, शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या व्हायच्या, संगमेश्वरी बोलीत नाटुकली व्हायची. ती मुलं आजूबाजूच्या वाड्यांतून आलेली. बापाकडून, काकाकडून शिकलेलं रंगमंचावर मांडत होती. त्या चाली, ते पदन्यास, ढोलकी-झांजेची ती लय आज जशीच्या तशी वाडीत सापडेल याची खात्री नाही, कारण अर्धी वाडी मुंबईला आहे. संशोधकाने येऊन केलेलं चित्रण वेगळं असतं, माणसं सावध होतात. इथे कॅमेरा होता तो आठवण म्हणून. त्यामुळे बोली आली ती घरातली आली.

सगळं पहिल्या दिवशी होणार नाही हे मान्य. क्रम लावावा लागेल. पण 'कोण बघणार' या प्रश्नाचं उत्तर आज आपण ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्यांनी प्राणिशास्त्राच्या टेपा केल्या त्यांना तरी कुठे ठाऊक होतं की त्या खाजणावर पुढे बांध पडेल आणि आधीचं रूप फक्त त्या फितीत उरेल?

उधाण

आमचे आजोबा नमनात सोंग करायचे. मुलाखती घेतलेल्यांत ते असतील असं घरात बोलणं आहे. आमच्याकडे त्यांचा एक फोटो आहे, आवाज नाही. सर, कॅसेटीवर गावांची नावं आहेत का?

पडाव

मी मूळचा श्रीवर्धनचा, सध्या अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठ ग्रंथालयात काम करतो. इथली कथा थोडी सांगतो, उपयोग होईल.

इथल्या कॉलेज ग्रंथालयांत विकतच्या व्हीएचएस कॅसेटींचे मोठे संग्रह आहेत. त्यातल्या पुष्कळ माहितीपटांची डीव्हीडी कधी निघालीच नाही, ऑनलाइनही नाहीत. इथल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १०८(सी) मध्ये सोय आहे. टेप खराब होत असेल किंवा तिचा प्रकार कालबाह्य झाला असेल, आणि वाजवी शोध घेऊनही रास्त किमतीत नवी प्रत मिळत नसेल, तर ग्रंथालयाला तीन प्रती करता येतात. डिजिटल प्रत मात्र ग्रंथालयाच्या आवाराबाहेर लोकांना देता येत नाही. 'कालबाह्य' म्हणजे काय तेही कायद्यातच आहे: ते चालवण्याचं यंत्र बनत नाही किंवा बाजारात रास्तपणे मिळत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाने बर्कली आणि न्यू ऑर्लिन्सचं लोयोला यांना सोबत घेऊन 'व्हिडिओ ॲट रिस्क' हा प्रकल्प केला आणि २०१२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. शोध कसा घ्यायचा, त्याची नोंद कशी ठेवायची, हा त्यातला मला सर्वांत कामाचा वाटलेला भाग.

मग लक्षात आलं की एकच कॅसेट अनेक ग्रंथालयं वेगवेगळी उतरवतायत. त्यावर 'ॲकॅडेमिक लायब्ररीज व्हिडिओ ट्रस्ट' उभा राहिला. एकाने केलेली प्रत, ज्या दुसऱ्या ग्रंथालयाकडे तीच मूळ टेप आहे, त्याला मिळते. कोकणातल्या कॉलेजांनी आपापल्या याद्या एकत्र केल्या तरी विकतच्या कॅसेटींतला निम्मा भार हलका होईल असं मला वाटतं. मेहनत मग स्वतःच्या चित्रणाला देता येईल.

इंडियाना विद्यापीठासारखं काम सगळ्यांना जमणार नाही. त्यांनी २०१३ मध्ये पूर्ण विद्यापीठाचा कार्यक्रम हाती घेतला आणि तीन लाखांहून जास्त ध्वनी-चित्रफिती उतरवल्या. पण सुरुवात त्यांनीही मोजणीनेच केली होती. कुठल्या इमारतीत, कुठल्या प्रकारच्या, किती.

कातळ

भारतातल्या कायद्याबद्दल लिहितो, मी लॉ कॉलेजात शिकवतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(एन) आलं. विनाव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची अ-डिजिटल प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवणं हे उल्लंघन ठरत नाही. तुमचं ग्रंथालय त्या व्याख्येत बसतं असं विद्यापीठाच्या विधी विभागाकडून लेखी घ्या. पाठबळ राहतं.

लक्षात घ्या, ही सूट साठवण्यापुरती आहे. यूट्यूबवर चढवण्याची नाही. चित्रफितीचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. दूरदर्शनवरून उतरवलेल्या कार्यक्रमांत प्रसारकाचा हक्क २५ वर्षांचा, तो १९८० च्या दशकातल्यांचा संपला, पण मूळ कार्यक्रमाचा कॉपीराइट शिल्लक आहे. आणि नमन-जाखडीच्या फितींत कलावंतांचे हक्क आहेत, ते ५० वर्षांचे. म्हणून उधाण यांच्यासारख्या घरांशी आधी बोला. कायद्यासाठी तर खरंच, पण चेहरा आणि आवाज त्यांच्या माणसाचा आहे म्हणूनही.

सुरंगी

कातळ सर, हे नेमकं हवं होतं. आभार.

आता उतरवण्याबद्दल. बाजारात ती स्वस्त यूएसबी कॅप्चरची काडी मिळते, तिच्यावर संग्रह सोपवू नये. फ्रेम गळतात, आवाज मागेपुढे होतो, आणि सॉफ्टवेअर परस्पर डी-इंटरलेस करून टाकतं, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचं (फील्डचं) एकच चित्र करतं. आपली पाल पद्धत, २५ फ्रेम म्हणजे सेकंदाला ५० फील्ड. मूळ प्रतीत ते इंटरलेस्ड तसंच राहिलं पाहिजे, गुळगुळीत करायचं ते बघण्याच्या प्रतीत.

साखळी अशी हवी: एस-व्हिडिओ आउटपुट असलेला एस-व्हीएचएस डेक, म्हणजे वरच्या दर्जाचा व्हीसीआर (साधी व्हीएचएसही त्यात चालते), मग टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळणारं चित्र स्थिर करणारं यंत्र, मग चित्र संगणकात घेणारं चांगलं कॅप्चर कार्ड. सॉफ्टवेअर 'व्हीरेकॉर्ड' मोफत आहे, तपासणीला 'क्यूसीटूल्स' मोफत आहे. जतनाची फाइल एफएफव्ही१ कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे चित्र दाबून साठवण्याची पद्धत), मात्रोस्का म्हणजे एमकेव्ही वेष्टनात. हे दोन्ही खुले आहेत, कुठल्या कंपनीच्या मालकीचे नाहीत, आणि एफएफव्ही१ मध्ये माहिती गळत नाही. १०-बिट बिनदाबाचं चित्र तासाला १०० जीबीच्या आसपास होतं, एफएफव्ही१ मध्ये ते साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. बघण्यासाठी वेगळी एमपी४ काढायची, ती तासाला एक-दोन जीबी.

मिनीडीव्हीचं वेगळं आहे. ती मुळातच डिजिटल. तिला फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडायची जुनी डिजिटल वायर) जशीच्या तशी फाइल म्हणून उतरवा, तासाला १३ जीबी. ॲनालॉग वायरीने उतरवलीत तर हकनाक दर्जा जाईल. अडचण एवढीच की नव्या लॅपटॉपना फायरवायर नसतं, जुना डेस्कटॉप शोधावा लागेल.

तारवाला

ताई बरोबर सांगताहेत, पण टाइम बेस करेक्टर आज मिळवणं सोपं नाही आणि महाग आहे. तो नाही म्हणून थांबू नका. काही डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता पार केला तरी हलणारी चित्रं बरीच स्थिर होतात, मी तसंच करतो.

सुरंगी

तारवाला काका, तेवढ्यापुरतं चालेल, पण फाइलीसोबत लिहून ठेवायला हवं की कुठल्या यंत्रातून, कशातून पार करून आणलं. आणि मूळ टेप नंतरही जपायची. उद्या चांगली साखळी मिळाली तर परत उतरवता येईल. थेट हेडचा सिग्नल पकडून सॉफ्टवेअरने चित्र बनवणारी 'व्हीएचएस-डीकोड'सारखी पद्धतही आता आली आहे.

तारवाला

ते मान्य. माझ्याकडे नोंद माझ्या डोक्यात असते, कॉलेजात ती कागदावर हवी.

हेड पुसण्याबद्दल सांगायचं राहिलं. दर चार-पाच कॅसेटींनंतर हेड पुसा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड किंवा शॅमॉय, म्हणजे मऊ कातडं. हेड बसवलेल्या गोल ड्रमला कापड नुसतं टेकवून धरायचं आणि ड्रम हाताने हळू फिरवायचा, आडवा. कापड वर-खाली घासलं तर हेडचं टोक तुटतं. कानातल्या कापसाच्या काड्या नकोच, धागा अडकतो. हा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, त्यावर कचरा असला की टेपेवर रेघ आलीच.

आणि मशीन वर्षभर बंद ठेवून एकदम चालू करू नका. रबराचे बेल्ट, पिंच रोलर कडक होतात. महिन्यातून एकदा तरी फालतू कॅसेट घालून फिरवा.

पाणकोंबडी

सावंतवाडीसून वाचतंय. आमच्याकडेय दशावताराच्यो कॅसेटी पडान असत, कोण ईचारणा नाय. ह्यो धागो आमच्या कॉलेजातल्या म्याडमांका धाडलंय.

वायंगण

खाजणकाठ सर, तुमचं उत्तर पटलं. एक शंका. हार्ड डिस्कवर टाकलं म्हणजे वाचलं का? ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आमच्या हर्णै-दापोली पट्ट्यात बसलं तेव्हा कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी शिरलं तेव्हा १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची काय दशा झाली ते सगळ्यांनी पाहिलंय.

पडाव

वायंगण, नेमका मुद्दा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आणि 'दुसरं ठिकाण' म्हणजे शेजारची इमारत नव्हे. किनाऱ्यावरच्या कॉलेजाने एक प्रत घाटावर ठेवावी, कोल्हापूर-सातारा-पुणे कुठेही. तिथल्या एखाद्या कॉलेजाची प्रत तुम्ही ठेवा, देवाणघेवाण होईल.

फाइल बनली त्या दिवशी तिचा चेकसम, म्हणजे फाइलीवरून संगणकाने काढलेला ओळखीचा आकडा, काढून ठेवा, एमडी५ किंवा एसएचए-२५६ पद्धतीने. वर्षातून एकदा परत काढून ताडून बघा. एक अक्षर जरी बदललं असेल तर ती फाइल बिघडली, दुसऱ्या प्रतीवरून ती नवी करायची. हे काम विद्यार्थीही करू शकतात.

खाजणकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी माहिती समितीपुढे ठेवता येईल असं वाटलं नव्हतं.

काल आणि आज बसून कॅसेटींच्या पाठी वाचल्या. @उधाण, मुलाखतींच्या कॅसेटींवर गुहागर आणि संगमेश्वर तालुक्यांतल्या वाड्यांची नावं आहेत, माणसांची नाहीत. दोन कॅसेटींवर नुसतं 'नमन, मराठी विभाग' एवढंच. नाव लिहिणारे सर निवृत्त झाले आहेत, त्यांचा पत्ता शोधतोय. लेबलावर जे आहे तेच आत आहे याचीही खात्री नाही. 'संमेलन' लिहिलेल्या एका कॅसेटीच्या खोक्यात चिठ्ठी निघाली, 'शेवटी २० मि. शिमगा, पालखी'. एकगठ्ठा निर्लेखनाला माझी हरकत आहे ती याचसाठी. बघितल्याशिवाय एकही टेप जाता कामा नये.

समितीला मी असं लिहून देतोय: विकतच्या कॅसेटींची यादी करून इतर कॉलेजांशी ताडायची, उतरवण्यात त्या शेवटी. दूरदर्शनवरच्यांबद्दल पुण्याच्या शैक्षणिक माध्यम केंद्राला आणि दिल्लीच्या सीईसीला (अशा केंद्रांची यूजीसीची मध्यवर्ती संस्था) विचारायचं, त्यांच्याकडे मूळ असेल तर आपण ती मेहनत करायची नाही. स्वतःचं चित्रण मात्र सगळं ठेवायचं, आणि त्यातही पहिल्या मुलाखती. बुरशी नसलेल्या आधी. आमच्याकडे डिसेंबर ते मार्च हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, यंत्रावरचं काम तेवढ्यात उरकायचं. मृग लागायच्या आत सगळ्या कॅसेटी त्या लोखंडी कपाटांतून काढून डीह्युमिडिफायर असलेल्या एका खोलीत न्यायच्या. संगणक कक्षाशेजारी एक छोटी खोली आहे, प्राचार्यांनी तोंडी होकार दिलाय.

सुरंगी

सर, एक सूचना. एसीच्या खोलीतून कॅसेट थेट बाहेरच्या दमट हवेत आणून यंत्रात घालू नका, टेपेवर दव धरतं. एक दिवस तशीच ठेवा, मग चालवा. आणि खोलीचा एसी रात्री बंद-सकाळी चालू असा नको. तापमान आणि ओलावा सारखा वर-खाली झाला तर ते जास्त वाईट. हायग्रोमीटर स्वस्त असतो, तो लावून रोज आकडा लिहायचा.

यूमॅटिकला इथे हात लावू नका. त्यांचे डेक आता मोजक्या ठिकाणी आहेत, आणि चिकट झालेली टेप तापवून तात्पुरती चालती करण्याचं काम नियंत्रित भट्टीत, जाणकारानेच करायचं असतं. नमन आणि जाखडीच्या फितींबद्दल गुरुग्रामच्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या लोकसंगीत संग्रहाला लिहून बघा. ते १९८२ पासून हेच काम करतायत, सल्ला तरी मिळेल.

तारवाला

साहेब, माझ्याकडे दोन एस-व्हीएचएस डेक चालू स्थितीत आहेत. एक मी कॉलेजला वापरायला देतो, पावती करून. सुरुवातीला दोन दिवस येऊन बसतो, मुलांना हेड पुसायला आणि कवच बदलायला शिकवतो. मजुरी नको. जाण्या-येण्याचा खर्च आणि राहायची सोय करा.

उधाण

सर, मी येऊ का? आई अजून आहे, ती त्या वेळची माणसं चेहऱ्यावरून ओळखते. मुलाखतींची एमपी४ निघाली की तिला दाखवून नावं लिहून घेता येतील. आमच्या वाडीत आणखी दोन-तीन म्हातारी माणसं आहेत, पण त्यांना कॉलेजात आणणं जमणार नाही.

खाजणकाठ

उधाण, जरूर या. आणि वाडीतल्या मंडळींना आणायची गरज नाही, पहिल्या चार कॅसेटी उतरल्या की लॅपटॉप घेऊन आम्हीच येतो. मराठीच्या दोन विद्यार्थिनी सोबत असतील, त्या नावं, नातं, वाडी आणि गाण्याचे बोल लिहून घेतील. वाडीला एक प्रत पेनड्राइव्हवर देऊ. कातळ सर, संमतीपत्राचा मराठी मसुदा तुम्ही बघून द्याल का? सोप्या भाषेत हवाय, एका पानाचा.

तारवाला, तुमचा डेक म्हणजे मोठाच आधार. राहायची सोय कॉलेजच्या अतिथिगृहात करतो. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, तारखा कळवा.

कातळ

मसुदा रविवारपर्यंत देतो. त्यात दोन वेगळे रकाने ठेवतो: एक ग्रंथालयात बसून बघण्याच्या परवानगीचा, दुसरा ऑनलाइन दाखवण्याच्या परवानगीचा. घरचे लोक पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणू शकले पाहिजेत.